वाढ, वाटा आणि तुलना : आकडेवारीच्या इंग्रजी शब्दसंपदेची प्रस्तावना

२००१ च्या जनगणनेत मराठी ही मातृभाषा सांगणाऱ्यांची संख्या सुमारे ७ कोटी १९ लाख होती आणि २०११ च्या जनगणनेत ती सुमारे ८ कोटी ३० लाखांवर गेली. देशाच्या एकूण लोकसंख्येतला त्यांचा वाटा मात्र याच दहा वर्षांत ६.९९ टक्क्यांवरून ६.८६ टक्क्यांवर आला, आणि तरीही भाषकसंख्येच्या क्रमवारीत मराठीने तेलुगूला मागे टाकून चौथ्या स्थानावरून तिसरे स्थान मिळवले. संख्या वाढली, वाटा घटला आणि क्रम सुधारला ही तिन्ही विधाने एकाच तक्त्यातून निघतात व तिन्ही खरी आहेत. परंतु त्यांपैकी एखादे सुटे उचलले, तर ऐकणाऱ्याच्या मनात उभे राहणारे चित्र उरलेल्या दोहोंशी जुळत नाही. इंग्रजीत पहिल्या विधानासाठी ‘राइज’, दुसऱ्यासाठी ‘डिक्लाइन’ आणि तिसऱ्यासाठी ‘ओव्हरटेक’ हे क्रियापद वापरता येते, आणि या तीन विधानांना शब्दांची तीन निरनिराळी कुळे लागतात. काळाबरोबर एखादी राशी कशी बदलते हे सांगणारे कलाचे शब्द, पूर्णाचा कितवा भाग कोणाकडे आहे हे सांगणारे प्रमाणाचे शब्द, आणि दोन राशी शेजारीशेजारी ठेवल्यावर त्यांच्यात काय नाते दिसते हे सांगणारे तुलनेचे शब्द, अशा या तीन कुळांतली इंग्रजी शब्दसंपदा मराठी वाचकासमोर मांडणे हा प्रस्तुत पुस्तकाचा विषय आहे.

या शब्दसंपदेची गरज मराठी भाषकाला आज अनेक ठिकाणी पडते. विद्यापीठीय शोधनिबंध, बँकांचे व कंपन्यांचे वार्षिक अहवाल, सरकारी पाहण्यांचे निष्कर्ष आणि आरोग्यखात्याची परिपत्रके यांचा मोठा भाग इंग्रजीत लिहिला जातो; शिवाय परदेशी शिक्षणासाठी किंवा स्थलांतरासाठी द्यावयाच्या परीक्षांतही तिची कसोटी लागते. १९८९ साली सुरू झालेल्या आयईएलटीएस परीक्षेच्या शैक्षणिक शाखेत लेखनाचे पहिले काम नेमके हेच असते: आलेख, तक्ता किंवा आकृती पाहून तिच्यातील ठळक गोष्टी निवडाव्यात, जिथे योग्य तिथे तुलना करावी आणि हे सारे किमान दीडशे शब्दांत, साधारण वीस मिनिटांत लिहावे. या गरजेतून समानार्थी शब्दांच्या याद्या पाठ करण्याची एक प्रथा रूढ झाली असून, एकदा ‘इन्क्रीज’ लिहिले की पुढच्या वाक्यात ‘सोअर’ आणि त्याच्या पुढच्या वाक्यात ‘सर्ज’ लिहावे, म्हणजे भाषा समृद्ध दिसते, असा समज तिच्यामागे असतो. हे शब्द एकमेकांच्या जागी बसत नाहीत. त्यांतील प्रत्येक शब्द आकड्याविषयी काही ठरावीक दावा करतो, आणि तो दावा आकड्याने पेलला नाही तर व्याकरणदृष्ट्या निर्दोष असलेले वाक्यही खोटे ठरते. पुढील सर्व विवेचन या एका सूत्राभोवती गुंफलेले आहे.

आकडे शब्दांत मांडण्याच्या इंग्रजी परंपरेला साडेतीन शतकांहून अधिक काळाचा इतिहास आहे. लंडनमध्ये दर आठवड्याला प्रसिद्ध होणाऱ्या मृत्यूंच्या याद्यांचा अभ्यास करून जॉन ग्रॉन्ट या व्यापाऱ्याने १६६२ साली आपली निरीक्षणे ग्रंथरूपाने मांडली, आणि नुसत्या यादीतून निष्कर्षाचे वाक्य कसे काढावे याचा वस्तुपाठ घालून दिला. सांख्यिकीसाठी आज वापरला जाणारा ‘स्टॅटिस्टिक्स’ हा शब्द मूळचा जर्मन. राज्याच्या स्थितीचे वर्णन असा त्याचा आरंभीचा अर्थ होता, आणि सर जॉन सिंक्लेअर यांनी १७९१ पासून प्रसिद्ध केलेल्या स्कॉटलंडच्या विस्तृत वृत्तान्तामुळे तो इंग्रजीत रुजला. मात्र वर्णनाच्या भाषेच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे नाव विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश अभियंत्याचे आहे. १७८६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या व्यापारविषयक नकाशासंग्रहात त्याने इंग्लंडची आयात-निर्यात वर्षानुवर्षे कशी बदलत गेली हे रेषेने दाखवले. स्कॉटलंडच्या बाबतीत त्याच्या हाती एकाच वर्षाचे आकडे असल्यामुळे रेषा काढणे शक्य नव्हते, म्हणून त्याने देशोदेशींच्या व्यापाराचे स्तंभ शेजारीशेजारी उभे केले. आणि पुढे १८०१ साली तुर्की साम्राज्याचा किती भाग कोणत्या खंडात आहे हे दाखवण्यासाठी त्याने वर्तुळाच्या फोडी केल्या. रेषा कलासाठी, स्तंभ तुलनेसाठी आणि वर्तुळ प्रमाणासाठी, ही आज शाळेत शिकवली जाणारी विभागणी अशा रीतीने एकाच माणसाच्या हातून आकाराला आली, आणि वर उल्लेखिलेली शब्दांची तीन कुळेही तिच्याशी तंतोतंत जुळतात. आलेख समोर आला की प्रथम त्याची जात ओळखावी आणि मग त्या कुळातले शब्द हाती घ्यावेत, ही पहिली शिस्त याच इतिहासातून मिळते.

कलाचे शब्द संख्येने सर्वाधिक असून तेच सर्वांत अधिक बेफिकिरीने वापरले जातात. कल दाखवणारा ‘ट्रेंड’ हा शब्द वळणे, फिरणे या अर्थाच्या जुन्या इंग्रजी धातूपासून आलेला असून, किनारा किंवा डोंगररांग कोणत्या दिशेला वळते हे सांगण्यासाठी तो पूर्वी वापरला जाई. मराठीतला ‘कल’ हा शब्दही मुळात एका बाजूला झुकण्याचाच आहे. त्यामुळे दोन वर्षांच्या दोन आकड्यांवरून फरक सांगता येतो, कल सांगता येत नाही, ही गोष्ट दोन्ही शब्दांच्या पोटात आहे. इंग्रजीतील या कुळाचा बराच भाग समुद्र, आकाश आणि भूगोल यांतून आलेला आहे. सतत वरखाली होणे या अर्थाचे ‘फ्लक्च्युएट’ हे क्रियापद लाटेसाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून बनले. वाढ थांबून राशी जागच्या जागी राहिली की वापरायचे ‘स्टॅग्नेट’ हे साचलेल्या डबक्यासाठीच्या लॅटिन शब्दावरून. ‘सोअर’ हे पक्ष्याच्या उंच भरारीवरून. तर ‘पीक’ म्हणजे शिखर आणि ‘प्लॅटो’ म्हणजे पठार, हे आलेखाच्या रेषेत डोंगराची आकृती पाहणारे शब्द आहेत. ‘प्लमेट’ हा शब्द तर गवंड्याच्या ओळंब्याचा आहे: दोरीच्या टोकाला बांधलेले शिसे जसे सरळ खाली जाते तशी राशी खाली आली, तरच हे क्रियापद वापरता येते, आणि चाळीसवरून सदतीसवर आलेल्या आकड्याला ते लावणे म्हणजे उतरणीवरून चालत आलेल्या माणसाला कड्यावरून पडलेला म्हणण्यासारखे आहे.

मराठी वाचकाला ही छटांची दुनिया परकी नाही. बाजारभावाच्या बातम्यांत भाव ‘वधारतात’, ‘चढतात’, ‘कडाडतात’, ‘उतरतात’, ‘घसरतात’, ‘कोसळतात’ आणि ‘गडगडतात’. यांतले ‘उतरणे’ आणि ‘गडगडणे’ एकाच दिशेचे असले तरी त्यांची मात्रा व वेग वेगळा आहे, हे लासलगावच्या बाजार समितीतील कांद्याचे भाव वाचणाऱ्याला वेगळे शिकवावे लागत नाही. इंग्रजी क्रियापद शिकताना त्याचा शब्दकोशातला अर्थ पाठ करण्यापेक्षा या बाजारभावाच्या मराठीतला त्याचा जोडीदार शोधावा, कारण जोडीदार सापडला की मात्रेचा अंदाजही त्याच्याबरोबर येतो. ‘एज अप’ म्हणजे किंचित वधारणे, ‘स्लाइड’ म्हणजे घसरणे, ‘स्लम्प’ म्हणजे कोसळून तिथेच बसणे, आणि ‘रिबाउंड’ म्हणजे आपटून उसळी घेणे.

क्रियापदाला जोडून येणाऱ्या क्रियाविशेषणांची गोष्ट अधिक सूक्ष्म आहे, कारण ती वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देतात आणि ते प्रश्न एकमेकांत मिसळले जातात. बदल किती झाला, याचे उत्तर ‘स्लाइटली’ म्हणजे किंचित, ‘मॉडरेटली’ म्हणजे बेताने आणि ‘कन्सिडरेबली’ म्हणजे बराच, हे शब्द देतात. किती वेगाने झाला, याचे उत्तर ‘ग्रॅज्युअली’ म्हणजे हळूहळू आणि ‘रॅपिडली’ म्हणजे झपाट्याने, हे देतात. आणि किती एकसारखा झाला, याचे उत्तर ‘स्टेडिली’ हा शब्द देतो. ‘स्टेडिली’ म्हणजे मंद असा समज फार पसरलेला आहे. वास्तविक दरवर्षी एकसारख्या मोठ्या उड्या घेत वाढणारी राशीही ‘स्टेडिली’ वाढते, आणि अतिशय सावकाश परंतु हिसके देत वाढणारी राशी तशी वाढत नाही. दोन शब्दांना तर शास्त्राने आपल्या ताब्यात घेतले आहे. ‘सिग्निफिकंट’ या शब्दाला सांख्यिकीत दिसलेला फरक निव्वळ योगायोगाने पडण्याची शक्यता ठरवलेल्या मर्यादेहून कमी आहे असा पारिभाषिक अर्थ असून, रोनाल्ड फिशर यांच्या १९२५ सालच्या ग्रंथापासून पाच टक्क्यांची मर्यादा संशोधकांच्या अंगवळणी पडली. म्हणून शोधनिबंधात ‘पुष्कळ’ या अर्थाने हा शब्द वापरू नये. ‘एक्स्पोनेन्शियली’ या शब्दाचाही अर्थ नुसते भराभर असा नसून, प्रत्येक टप्प्याला आधीच्या राशीच्या ठरावीक पटीने वाढणे, जसे मुद्दलात व्याज मिळून त्यावर पुन्हा व्याज चढावे तसे, असा आहे.

शब्दांइतक्याच चुका त्यांच्यामधल्या लहान शब्दयोगी अव्ययांनी होतात, आणि येथे मराठीची विभक्ती वाटाड्याचे काम करते. ‘भाव दहा रुपयांनी वाढला’ आणि ‘भाव दहा रुपयांवर गेला’ या वाक्यांतला भेद मराठी माणूस कधी चुकवत नाही. इंग्रजीत पहिल्या ‘नी’साठी ‘बाय’ आणि दुसऱ्या ‘वर’साठी ‘टू’ येते, तर ‘आठ रुपयांवरून’ यातल्या ‘वरून’साठी ‘फ्रॉम’ येते. क्रियापदाऐवजी नाम वापरले की ‘भावात दहा रुपयांची वाढ’ अशी रचना होते. तिच्यातल्या सप्तमीच्या ‘त’साठी ‘इन’ आणि षष्ठीच्या ‘ची’साठी ‘ऑफ’ योजले की इंग्रजी वाक्य आपोआप बिनचूक उतरते. काळाच्या बाबतीत मात्र मराठीवर विसंबून चालत नाही. ‘पाच वर्षांपासून वाढत आहे’ हे मराठीत शुद्ध आहे, आणि त्याच्याच धर्तीवर ‘इज इन्क्रीझिंग सिन्स फाइव्ह इयर्स’ असे लिहिण्याची सवय भारतभर आढळते. प्रमाण इंग्रजीला येथे ‘हॅज बीन इन्क्रीझिंग फॉर फाइव्ह इयर्स’ अशी रचना लागते. संपलेल्या कालखंडासाठी साधा भूतकाळ, अद्याप चालू असलेल्या कालखंडासाठी पूर्ण वर्तमानकाळ, एखाद्या वर्षापर्यंत घडून गेलेल्या बदलासाठी पूर्ण भूतकाळ, आणि पुढच्या वर्षांसाठी अंदाज असल्याची स्पष्ट कबुली देणारे ‘इज प्रोजेक्टेड टू’, एवढे चार साचे बहुतेक अहवालांना पुरतात.

कलाच्या वर्णनातील सर्वांत खोल खड्डा राशी आणि तिचा वाढीचा दर यांच्यामध्ये आहे. महाराष्ट्राची लोकसंख्या २००१ मध्ये सुमारे ९ कोटी ६९ लाख होती, ती २०११ मध्ये सुमारे ११ कोटी २४ लाख झाली. दशवार्षिक वाढीचा दर मात्र आधीच्या दशकातील २२.७३ टक्क्यांवरून १५.९९ टक्क्यांवर उतरला. येथे ‘ग्रोथ स्लोड’ म्हणजे वाढ मंदावली असे म्हणणे योग्य, आणि ‘पॉप्युलेशन फेल’ म्हणणे सपशेल चूक. ते म्हणायचे असेल तर त्याच दशकात ज्यांची लोकसंख्या खरोखर कमी झाली त्या मुंबई शहर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांकडे वळावे लागेल. महागाईच्या बातम्यांतही हाच गोंधळ रोज होतो. देशातील किरकोळ महागाईचा वार्षिक सरासरी दर २०२२-२३ मध्ये ६.७ टक्के, २०२३-२४ मध्ये ५.४ टक्के आणि २०२४-२५ मध्ये ४.६ टक्के असा उतरत गेला. याचा अर्थ किमती उतरल्या असा होत नाही, कारण तिन्ही वर्षी त्या वाढतच होत्या, फक्त त्यांच्या चढण्याचा वेग कमी होत होता. इंग्रजीत वाढीचा वेग कमी होण्यासाठी ‘डिसइन्फ्लेशन’ आणि किमती उतरण्यासाठी ‘डिफ्लेशन’ असे दोन स्वतंत्र शब्द आहेत, आणि त्यांची अदलाबदल झाली तर वाक्य पूर्ण उलटे होते.

याच खड्ड्याला लागून टक्का आणि टक्केबिंदू यांतला भेद येतो. रिझर्व्ह बँकेचा रेपो दर, म्हणजे बँकांना अल्प मुदतीचे कर्ज ज्या दराने मिळते तो दर, एप्रिल २०२२ मध्ये ४ टक्के होता आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये ६.५ टक्के झाला. ही वाढ अडीच टक्क्यांची म्हणावी की साडेबासष्ट टक्क्यांची, या प्रश्नाचे उत्तर शब्दावर अवलंबून आहे: मूळच्या ४ या आकड्याशी वाढीची तुलना केली तर ती ६२.५ टक्के, आणि दोन टक्केवाऱ्यांची नुसती वजाबाकी केली तर २.५ टक्केबिंदू, ज्यांना इंग्रजीत ‘पर्सेंटेज पॉइंट’ म्हणतात. वित्तीय व्यवहारात हा घोळ टाळण्यासाठी टक्केबिंदूचाही शंभरावा भाग, म्हणजे ‘बेसिस पॉइंट’, हे एकक रूढ झाले असून वरची वाढ त्या भाषेत २५० बेसिस पॉइंटची ठरते. मराठी वृत्तपत्रे पंचवीस बेसिस पॉइंटना ‘पाव टक्का’ म्हणतात; ते सुबोध आहे, पण इंग्रजीत उतरवताना हा पाव टक्का कशाचा, हे सांगण्याची जबाबदारी लेखकावर येते.

प्रमाणाच्या कुळात मराठीचे पारडे काही बाबतींत इंग्रजीहून जड आहे. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच आणि साडे यांच्या साहाय्याने मराठी भाषक चतुर्थांशांच्या पायऱ्या एकेका शब्दात चढतो. इंग्रजीला त्यासाठी ‘थ्री क्वार्टर्स’ किंवा ‘वन अँड अ हाफ टाइम्स’ असे शब्दसमूह जुळवावे लागतात. उलट तृतीयांश आणि पंचमांश बोलीत आणण्याची सवय इंग्रजीला अधिक आहे, आणि ३३ टक्क्यांऐवजी ‘अ थर्ड’, ४१ टक्क्यांऐवजी ‘जस्ट ओव्हर टू फिफ्थ्स’ म्हटले की वाचकाला भागाचा आकार डोळ्यांसमोर दिसतो. दोन्ही भाषांतले काही शब्द एकाच विचाराने घडलेले आहेत: ‘पर सेंट’ म्हणजे शंभरामागे, आणि तेच मराठीत ‘दरशेकडा’, ‘पर कॅपिटा’ म्हणजे डोक्यामागे, आणि तेच ‘दरडोई’. या ‘दर’ शब्दाचा व्याप मात्र मोठा आहे: तो किंमत, प्रमाण आणि वेग या तिन्ही अर्थांनी चालतो. त्यामुळे इंग्रजीत जाताना ‘प्राइस’, ‘रेट’ आणि ‘रेशो’ यांतून निवड करावी लागते. दोन राशींचे नुसते गुणोत्तर असेल तर ‘रेशो’, आणि ठरावीक काळात किंवा ठरावीक संख्येमागे किती घडते हे सांगायचे असेल तर ‘रेट’. लिंग गुणोत्तराच्या बाबतीत तर व्याख्याही तपासावी लागते, कारण भारतीय जनगणनेत ते दर हजार पुरुषांमागे किती स्त्रिया असे सांगितले जाते, तर अनेक आंतरराष्ट्रीय अहवालांत दर शंभर स्त्रियांमागे किती पुरुष असे. महाराष्ट्राचा आकडा २००१ मधील ९२२ वरून २०११ मध्ये ९२९ झाला, तेव्हा भारतीय रीतीने जी वाढ दिसते तीच दुसऱ्या रीतीने घट दिसेल.

पूर्ण आणि भाग यांचे नाते सांगणाऱ्या क्रियापदांना दिशा असते. ‘कॉन्स्टिट्यूट’, ‘मेक अप’ आणि ‘अकाउंट फॉर’ ही भागाकडून पूर्णाकडे जातात, तर ‘कम्प्राइझ’ हे पूर्णाकडून भागांकडे येते. भाग पूर्णाला घडवतात, पूर्ण भागांना सामावते. ‘मेजॉरिटी’ या शब्दाला निम्म्याहून अधिक अशी अट आहे, आणि सर्वांत मोठा परंतु निम्म्याहून लहान असलेल्या गटाला अमेरिकी इंग्रजीत ‘प्लुरॅलिटी’ म्हणतात. २०११ च्या जनगणनेत हिंदी ही मातृभाषा सांगणाऱ्यांचा वाटा ४३.६३ टक्के होता. तो देशातला सर्वांत मोठा गट असला, तरी त्याला ‘मेजॉरिटी’ म्हणता येणार नाही.

तुलनेच्या कुळात मराठी आणि इंग्रजी यांची घडण मुळातच निराळी आहे. ‘पेक्षा’ किंवा ‘हून’ लावले की मराठीत तुलना पूर्ण होते आणि विशेषण जसेच्या तसे राहते. इंग्रजीत अनेकदा विशेषणाचे रूप पालटावे लागते, आणि शिवाय तुलना सजातीय गोष्टींचीच आहे हे शब्दांत दाखवावे लागते. ‘महाराष्ट्राची लोकसंख्या गुजरातपेक्षा जास्त आहे’ हे मराठीत कोणालाच खटकत नाही. औपचारिक इंग्रजीत मात्र लोकसंख्येची तुलना राज्याशी होऊ नये म्हणून ‘दॅट ऑफ गुजरात’ असे म्हणावे लागते. मोजता येणाऱ्या वस्तूंसाठी ‘फ्यूअर’ आणि न मोजता येणाऱ्या राशीसाठी ‘लेस’, तसेच ‘नंबर’ आणि ‘अमाउंट’, या जोड्याही याच प्रकरणात येतात. सर्वांत अधिक दक्षता पटींच्या बाबतीत हवी. ‘तिप्पट झाले’ आणि ‘तिपटीने वाढले’ यांचा अर्थ मराठीत अनेकदा एकच धरला जातो, पण काटेकोर हिशेबाने शंभराचे तिप्पट तीनशे, आणि शंभरात तिपटीने भर पडली तर चारशे. इंग्रजीतही ‘थ्री टाइम्स अ‍ॅज मेनी’ हा प्रयोग निःसंदिग्ध आहे आणि ‘थ्री टाइम्स मोर’ हा वादग्रस्त; म्हणून गंभीर लेखनात पहिलाच स्वीकारावा.

तुलनेसाठी अनेकदा सरासरीचा आधार घेतला जातो, आणि त्या शब्दाचा इतिहासही उद्बोधक आहे. इंग्रजी ‘अ‍ॅव्हरेज’ हा सागरी व्यापारातून आलेला शब्द आहे: वाटेत जहाजावरील मालाचे झालेले नुकसान सर्व मालकांत त्यांच्या हिश्शाप्रमाणे वाटून घेण्याची जी रीत होती, तिच्याशी तो निगडित होता. फारसीतून मराठीत आलेली ‘सरासरी’ही रोजच्या बोलण्यात स्थूलमान या अर्थाने चालते. शास्त्रीय लेखनात मात्र मध्य, मध्यक आणि बहुलक, म्हणजे ‘मीन’, ‘मीडियन’ आणि ‘मोड’, यांपैकी कोणती सरासरी हे सांगावे लागते. पाच जणांची मासिक कमाई १०, १०, १२, १३ आणि ५५ हजार रुपये असेल, तर मध्य २० हजार, मध्यक १२ हजार आणि बहुलक १० हजार येतो. तिन्ही सरासऱ्याच, पण पाचांपैकी चौघांना २० हजारांहून कमी मिळतात हे पहिली सरासरी झाकते.

तिन्ही कुळांना लागणारा एक समाईक मसाला म्हणजे अंदाजाचे शब्द. इंग्रजी ‘नियरली’ला दिशा आहे: आकडा खालच्या बाजूने जवळ आलेला असतो, म्हणून ४९ हे ‘नियरली फिफ्टी’, पण ५१ नव्हे, मराठीच्या ‘जवळपास’ला अशी दिशा नाही. ‘जेमतेम’ या मराठी शब्दात अपुरेपणाची खंत मिसळलेली आहे, आणि तशीच भावना इंग्रजीत ‘ओन्ली’ने, तर उलट विपुलतेची भावना ‘अ‍ॅज मेनी अ‍ॅज’ने नकळत शिरते. आकडा तोच राहतो, पण त्याच्या आधी आलेला शब्द वाचकाला कौतुक करायचे की काळजी करायची हे सुचवून जातो. म्हणून वर्णन आणि मत यांची सीमा या चिमुकल्या शब्दांवर राखावी लागते.

या अडचणीवर शास्त्रीय संस्थांनी शोधलेला उपाय म्हणजे साध्या शब्दांना मापे ठरवून देणे. भारतीय हवामान विभागाच्या परिभाषेत ‘नॉर्मल’ मान्सून म्हणजे दीर्घकालीन सरासरीच्या ९६ ते १०४ टक्के पाऊस, आणि १९७१ ते २०२० या काळावरून काढलेली जून ते सप्टेंबरची ही सरासरी सुमारे ८७ सेंटिमीटर आहे. ९० टक्क्यांहून कमी पाऊस झाला तरच ‘डेफिशियंट’ हा शब्द वापरला जातो. रोजच्या अंदाजातले ‘तुरळक ठिकाणी’, ‘काही ठिकाणी’, ‘बऱ्याच ठिकाणी’ आणि ‘बहुतांश ठिकाणी’ हे मराठी शब्दप्रयोगही असेच मोजून दिलेले आहेत: पावसाची नोंद होणाऱ्या केंद्रांच्या अनुक्रमे २५ टक्क्यांपर्यंत, २६ ते ५०, ५१ ते ७५ आणि ७६ ते १०० टक्के असा त्यांचा अर्थ आहे. हवामानबदलाचा अभ्यास करणाऱ्या आयपीसीसी या आंतरशासकीय मंडळाच्या अहवालांत ‘लाइकली’ म्हणजे किमान ६६ टक्के शक्यता आणि ‘व्हेरी लाइकली’ म्हणजे किमान ९० टक्के शक्यता अशी व्याख्या आहे. प्रत्येक लेखकाला अशी कोष्टके करता येणार नाहीत. पण एका अहवालात एकदा ‘किंचित’ म्हणून संबोधलेला फरक पुढच्या पानावर ‘लक्षणीय’ होऊ नये, एवढे पथ्य सर्वांना पाळता येते.

पुस्तकाची मांडणी याच क्रमाने केलेली आहे: प्रथम कल, मग प्रमाण, मग तुलना, आणि शेवटी या तिन्ही कुळांतले शब्द एका परिच्छेदात आणण्याची रीत. शेवटच्या भागाला विशेष महत्त्व आहे, कारण सुट्या शब्दांनी आकडे वाचले जातात, पण उभयान्वयी अव्ययांनी ते समजतात. आरंभी दिलेली तीन विधाने या दृष्टीने पुन्हा पाहता येतील. २००१ ते २०११ या दशकात देशाची लोकसंख्या सुमारे १७.७ टक्क्यांनी, मराठी भाषकांची संख्या सुमारे १५.४ टक्क्यांनी आणि तेलुगू भाषकांची संख्या सुमारे ९.६ टक्क्यांनी वाढली. मराठी भाषक वाढले, ‘ऑल्दो’ म्हणजे तरीही त्यांची वाढ देशाच्या वाढीहून मंद असल्यामुळे त्यांचा वाटा किंचित घटला, ‘व्हेअरअ‍ॅज’ म्हणजे उलटपक्षी तेलुगू भाषकांची वाढ त्याहूनही मंद असल्यामुळे मराठीचा क्रम वर गेला: असे म्हटले की तिन्ही विधानांतला विरोध मावळतो. संस्कृतातील ‘तर’ आणि ‘तम’ हे तुलनेचे दोन प्रत्यय मराठी विशेषणांतून बहुतांशी मागे पडले. पण त्या दोहोंपासून बनलेला ‘तारतम्य’ हा शब्द मराठीने जवळ ठेवला, आणि कशाला किती महत्त्व द्यावे हे ओळखण्याच्या बुद्धीसाठी तो आजही वापरला जातो. इंग्रजी शब्द निवडताना याच बुद्धीची गरज असते: ‘राइज’ लिहायचे की ‘सोअर’, हे ठरवण्यापूर्वी आकड्याकडे पुन्हा एकदा पाहावे लागते.